‘आणि इतर दोनशे ते अडीचशे इसम’

मी पोलीस पाटील होते तेव्हा माझ्या दारात दोन प्रकारची माणसं यायची. पहिली दिवसाउजेडी यायची. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, शेजाऱ्यानं बांध कोरला, सुनेला माहेरी हाकललं, अशा तक्रारी ती चारचौघांत मोठ्यानं सांगायची. दुसरी माणसं जेवणवेळ टळल्यावर यायची, आणि तीही एखादा मोर्चा, रास्ता रोको किंवा मिरवणुकीतली हाणामारी होऊन गेल्यावर. चहा नको म्हणायची, पायरीवरच टेकायची आणि हळूच विचारायची, “अक्का, यादीत आमच्या पोराचं नाव हाय का?”

ही यादी म्हणजे ठाण्यात दाखल झालेला गुन्हा. त्यात सुरुवातीला आठ-दहा नावं असतात. भाषण करणारा, माईक धरणारा, फलकावर फोटो असणारा. मग एक ओळ येते, ‘आणि इतर दोनशे ते अडीचशे इसम’. आमच्या भूम तालुक्यातल्या गावांना नावं असलेल्या ओळींपेक्षा ही बिननावाची ओळ जास्त छळते. ज्याचं नाव आहे तो वकील गाठतो, जामीन घेतो, तारखा करतो. ज्यांची नावं नाहीत ती घरं मात्र महिनोन्महिने दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकतात, कारण त्या ओळीत कधीही, कुणालाही बसवता येतं.

खेड्यातल्या माणसाचा पोलिसांवर विश्वास का नाही, हा विषय निघाला की लाठी, अश्रुधूर आणि कोठडी यांवर चर्चा होते. ती व्हायलाच हवी आणि मीही पुढे करणार आहे. पण बरीच वर्षं ठाणं आणि गाव यांच्या मध्ये उभं राहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की लाठीचा वळ निघून जातो आणि अर्धवट कागद राहतो. विश्वास उडतो तो या अर्धवट आणि बिनकागदाच्या कारभारानं. आणि तो कारभार चालतो, कारण दुसऱ्याच्या वस्तीवर चालला असताना आपण त्याला हरकत घेत नाही.

बोलावण्याचंच घ्या. ठाण्यातून फोन येतो, “उद्या दहाला येऊन जा.” कोणत्या गुन्ह्यात, साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, काही सांगितलं जात नाही. माणूस खव्याच्या भट्टीवरचं काम टाकून किंवा दिवसाची मजुरी बुडवून जातो, बाकावर बसतो. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. “उद्या या.” एका ठाण्यात सत्तरीच्या एका बाईला सकाळपासून बाकावर बसलेलं मी पाहिलं आहे. तिचा गुन्हा इतकाच, की तिचा मुलगा घरी सापडला नव्हता. “पोराला हजर कर, मग जा,” असं तिला सांगितलं होतं. तिच्या हातात कागद नव्हता, आणि ठाण्याच्या नोंदवहीतही ती आल्याची ओळ नव्हती. संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा कायद्याच्या लेखी ती तिथं आलीच नव्हती.

कायदा काय म्हणतो ते गावाला माहीत नसतं, म्हणून सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे साक्षीदाराला लेखी आदेशानं बोलवावं लागतं. बाई असेल, साठीच्या पुढचा माणूस असेल, पंधराच्या आतलं पोर असेल, आजारी किंवा अपंग असेल, तर त्यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. जबाब घ्यायला पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. हा नियम थोड्या फरकानं जुन्या कायद्यातही होता. आरोपी असला आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असला, तरी उठसूट अटक करता येत नाही. अटकेची गरज नसेल तिथं आधी नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हेही त्याच न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. आमच्याकडे व्हॉट्सॲपसुद्धा दूरची गोष्ट. फोन आणि दम, एवढ्यावर काम चालतं.

आता ती बिननावाची ओळ काय करते ते बघा. भूम, वाशी, परंडा या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. दूध, खवा, ऊसतोड आणि पुण्याची वाट, यावर घरं चालतात. पोरांपुढे उरते ती भरती. पहाटे कोणत्याही डांबरी रस्त्याला जा, पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं आणि आता पोरीही दिसतील. पोरांना सोळाशे आणि पोरींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक, मैदानाचे पन्नास गुण, लेखीचे शंभर, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. म्हणजे ज्या गावाचा पोलिसांवर विश्वास नाही असं आपण म्हणतो, त्याच गावाला आपलं लेकरू त्या वर्दीत हवं आहे. हे पोरगं चौकातल्या आंदोलनात मागच्या रांगेत उभं होतं, किंवा बघायला थांबलं होतं, आणि कुणाच्या तरी मोबाइलच्या व्हिडिओत दिसलं, तर वर्षभरानं ते ‘इतर’मधून वर येऊन नावानिशी आरोपी होतं. भरतीच्या अर्जात प्रलंबित गुन्हा लिहावा लागतो. लपवला तर निवड रद्द, लिहिला तर चारित्र्य पडताळणीत शंका. निकाल लागेपर्यंत त्याचं भरतीचं वय निघून जातं.

ऊसतोड करणाऱ्यांची गत आणखी वेगळी. दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लावून कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. मधल्या काळात समन्स येतं, घर बंद म्हणून परत जातं. तारखेला गैरहजर, म्हणून वॉरंट. माणूस गावी येऊन गाडीतून भांडी उतरवतो न उतरवतो तोच त्याला न्यायला पोलीस येतात. आपण ‘फरार’ होतो हे त्याला त्या दिवशी कळतं.

बालाघाटच्या आमच्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. वीज हवी, रोजगार हवा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वाटेची आहे, तारांची आहे, ठरलेल्या मोबदल्याची आहे. शेतकरी आपल्या बांधावर क्रेन अडवतो. कंपनी बंदोबस्त मागते. बंदोबस्त येतो. काम कंपनीचं, पण समोर उभा राहतो पोलीस. त्यामुळे शेतकरी भांडायला जातो कंपनीशी आणि त्याला धाक दाखवला जातो सरकारी कामात अडथळा आणल्याच्या कलमाचा. “तीनशे त्रेपन्न लावीन” हे वाक्य खेड्यात शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. आता नव्या न्याय संहितेत ते कलम 132 झालं आहे. आकडा बदलला तरी धाक तोच आहे. मोबदल्याचा करार कंपनीनं पाळला नाही, हा त्याच शेतकऱ्याचा अर्ज मात्र ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ एवढ्या शेऱ्यावर परत येतो. ठाणं दोन्ही वेळा कायद्याचंच बोट धरतं, पण एकदा कंपनीकडून आणि एकदा शेतकऱ्याविरुद्ध.

अंतरवाली सराटी इथं मराठवाड्यानं हे सगळं मोठ्या आकारात पाहिलं. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं हे गाव 2023 पर्यंत शेजारच्या तालुक्यालाही फारसं ठाऊक नव्हतं. 29 ऑगस्ट 2023 ला मनोज जरांगे पाटील तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला पोलिसांनी त्यांना रुग्णालयात हलवण्याचा प्रयत्न केला. त्यातून झटापट झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. आंदोलकांकडून दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले आणि त्यांत महिला पोलीसही होत्या, हेही खरं. पण डोकी फुटलेल्या म्हाताऱ्यांचे आणि बायकांचे व्हिडिओ त्या रात्री प्रत्येक गावात पोचले. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, आणि 4 सप्टेंबरला तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जखमी आंदोलकांची क्षमा मागितली. गृहमंत्र्यानं जाहीर क्षमा मागणं ही लहान गोष्ट नाही आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण क्षमा मागितली तरी गावकऱ्यांवरचे गुन्हे तसेच होते. ऑक्टोबरच्या शेवटी आंदोलन पुन्हा पेटलं, आमच्या धाराशिव जिल्ह्यात संचारबंदी लागली, आणि माझ्या पायरीवर पुन्हा तोच प्रश्न येऊन बसला.

पुढे 2 सप्टेंबर 2025 ला मुंबईच्या आझाद मैदानावर सरकारनं निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा निर्णय दिला, तेव्हा आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याचंही मान्य केलं. लोकांनी गुलाल उधळला. मला मात्र त्यात एक गोष्ट खटकते. गुन्हा घाऊक दाखल होतो आणि घाऊक मागे घेतला जातो. दाखल करताना कुणी काय केलं ते पाहिलेलं नसतं, मागे घेतानाही पाहिलं जात नाही. ज्यानं खरोखर एसटी पेटवली तो, आणि जो दूध घालून परत येताना गर्दीत अडकला तो, दोघं एकाच ओळीतून आत जातात आणि एकाच शासन निर्णयानं बाहेर येतात. मग तपास झाला कुठं? गुन्हा हे मंत्रालयाशी वाटाघाटी करताना टेबलावर ठेवायचं नाणं झालं, तर गावानं त्याला न्याय का म्हणावं?

परभणीचं प्रकरण याहून काळं आहे. 10 डिसेंबर 2024 ला रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, त्याला हिंसक वळण लागलं, आणि मग पोलीस वस्त्यांमध्ये शिरले. घरात घुसून बायकांना मारल्याच्या तक्रारी झाल्या. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. त्यानं दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं विधानसभेत सांगितलं गेलं. नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांवर ठपका ठेवला. तरीही गुन्हा दाखल व्हायला त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. 4 जुलै 2025 ला खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 30 जुलैला तिथंही हरलं. चौकात उभ्या असलेल्या अनोळखी लोकांवर एका रात्रीत गुन्हा लिहिणाऱ्या यंत्रणेला, कोठडीत मेलेल्या एका माणसासाठी गुन्हा लिहायला सात महिने आणि दोन न्यायालयं लागली. माझ्या दृष्टीनं अविश्वासाचं सगळं कारण या एका हिशेबात आहे. त्याच परभणीचा ख्वाजा युनूस हा अभियंता जानेवारी 2003 मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीतून ‘पळून गेला’ असं सांगितलं गेलं होतं. तो मुळात पळालाच नव्हता, हे बाहेर यायलाही न्यायालयच लागलं.

या उलट, जिथं पोलिसांनी धावत जायचं तिथं ते सापडत नाहीत. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं 9 डिसेंबर 2024 ला अपहरण झालं आणि क्रूर पद्धतीनं खून झाला. त्याच्या मुळाशी एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी आणि तिच्या प्रकल्पावर तीन दिवस आधी झालेलं भांडण होतं. त्या भांडणाची दखल वेळेत आणि नीट घेतली असती तर सरपंच वाचले असते, असं त्या गावातलं प्रत्येक माणूस म्हणतं. नंतर एक फौजदार निलंबित झाले, अधीक्षक बदलले. आमच्या शिवेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यात खर्डा इथं 28 एप्रिल 2014 ला नितीन आगे या शाळकरी दलित मुलाचा भरदिवसा खून झाला. 2017 मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. साक्षीदार का फिरतो ते पोलीस पाटलाला विचारा. साक्ष दिल्यावर त्याला त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर, त्याच किराणा दुकानात राहायचं असतं, आणि रात्री काही झालं तर ठाण्यातून गाडी येईल याची त्याला खात्री नसते.

सगळ्यात जुना अविश्वास पारध्यांचा आहे आणि त्याबद्दल उरलेलं गाव कधी बोलत नाही. आमच्या जिल्ह्यात ठिकठिकाणी गायरानाच्या कडेला त्यांच्या वस्त्या आहेत. महामार्गावर ट्रकची ताडपत्री फाटली, की पहिली गाडी त्यांच्या दारात. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळला जातो, पण संशय गेला नाही. सुकन्या शांता खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं 3 ऑक्टोबर 2024 ला पोलिसांना पुन्हा बजावलं, की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नका. हे बजावावं लागतं याचाच अर्थ ती होते. वस्तीवरून चार पोरं उचलली तर आमच्या गावातली शहाणी माणसं म्हणायची, “काही तरी केलंच असल की.” त्यांपैकी काही जणांची पोरं पुढे आंदोलनाच्या गुन्ह्यात ‘इतर’ म्हणून आली, तेव्हा ती रात्री माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काही केलं नाही हो त्यानं, नुसतं उभं होतं.”

मराठवाड्यातल्या सगळ्या जातींना मी हे तोंडावर सांगते. अंतरवालीत लाठी पडली तेव्हा कुणी तरी म्हणालं, बरं झालं. परभणीत वस्तीत पोलीस घुसले तेव्हा दुसरं कुणी तरी म्हणालं, दंगल केली तर होणारच. गेली तीन-चार वर्षं आरक्षणावरून गावं इतकी फाटली आहेत, की एकाच गावातले दोन गट एकमेकांच्या दुकानात जात नाहीत. आपल्या माणसाला मारलं तर अत्याचार आणि दुसऱ्याच्या माणसाला मारलं तर कायदा, हा हिशेब सरकारला फार सोयीचा आहे. खवा आटवताना आच एकदा चढली, की करपट वास सगळ्या कढईला लागतो. वरचा चांगला, खालचा करपलेला असं वेगळं काढता येत नाही. आज त्यांच्यावर बिनकागदाचं बोलावणं चालवून घेतलं, तर उद्या आपल्यावरही तेच येणार.

आमच्या भागाला वर्दीची भीती आजची नाही. निजामाच्या राज्यात रझाकारांचा दंगा सुरू होता तेव्हा बायका-पोरं ज्वारीच्या फडात रात्री काढायची, हे सासूबाईंकडून ऐकलेलं. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, आम्ही निजामाच्या राजवटीतून सुटलो, आणि त्यानंतर फडात लपण्याची पाळी गावातल्या दुसऱ्या लोकांवर आली. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचं, तेव्हाच्या उस्मानाबादचं, नाव आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. 17 सप्टेंबरला झेंडा लावताना आपण पहिली भीती आठवतो आणि दुसरी विसरतो. दोन्ही आठवल्या, तर लपणारा बदलतो आणि लपायचा फड तोच राहतो, हे ध्यानात येईल.

पोलिसांची बाजू मला माहीत नाही असं नाही. एका बीट अंमलदाराकडे कितीतरी गावं असतात. नवरात्र आलं की जिल्ह्यातलं मनुष्यबळ तुळजापूरला जातं आणि कोजागरीपर्यंत ठाण्यात मोजकी माणसं उरतात. त्यावर निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. सोळा-सोळा तास उभ्या राहिलेल्या शिपायाच्या अंगावर दगड आला, तर त्याचा हातही सुटतो. सप्टेंबर 2025 च्या पुरात भूम-परंडा पाण्याखाली गेला, तेव्हा हीच माणसं रात्रभर रस्त्यावर होती. त्यांच्यातली कित्येक आमच्याच गावांची लेकरं आहेत. लाठी चालवायचा निर्णय ती घेत नाहीत. तो ‘वरून’ येतो, आणि तो वरचा माणूस नेमका कोण, हे कोणत्याही कागदावर सापडत नाही. म्हणून पोलिसांनी मनानं चांगलं व्हावं, अशी माझी मागणीच नाही. माणसं दोन्हीकडे जशी असतात तशीच राहतील. मागणी आहे ती सही, नाव आणि तारखेची.

चांगलं झालेलंही पाहिलं आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. पोलीस पाटील आणि बीट अंमलदार गावच्या समितीबरोबर बसायचे, बांधाची, भावकीची भांडणं नोंदवहीत लिहून मिटवायचे. काही ठिकाणी बक्षिसासाठी खोटे आकडे भरले गेले, बलवान माणसानं दुबळ्याला ‘मिटव’ म्हणून दाबलं, हे दोष होतेच. पण तेव्हा फौजदार गावात यायचे ते कुणाला उचलायला नव्हे, याची सवय गावाला लागली होती. नंतर मोहीम ढिली पडली आणि गाडी पुन्हा फक्त उचलायला येऊ लागली. मस्साजोगनंतर बीड पोलिसांनी 2025 मध्ये नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त पहिलं नाव ठेवलं. माणसाची जात बघून वागणूक मिळते हा संशय घालवायला हे छोटं पण चांगलं पाऊल आहे. पोलिसाच्या पाटीवरून आडनाव जाऊ शकतं, तर फिर्यादीतून ती मोघम ओळही जाऊ शकते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना नवा पैसा लागत नाही.

कोठडीतल्या आरोपीविरुद्ध 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र दिलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मग बाहेर असलेल्या बिननावाच्या अडीचशे जणांना मुदत का नको? जमावाच्या गुन्ह्यात 90 दिवसांच्या आत पुराव्यासह नावं लिहावीत, नाही तर ती ओळ बंद झाल्याचं पत्र ग्रामपंचायतीला द्यावं. फोनवरचं बोलावणं बंद करावं. आलेल्या प्रत्येक माणसाची वेळ लिहावी आणि त्याला पोच द्यावी. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी जपून ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. ते चित्रण मागायचं कसं, याचा फलक ठाण्याच्या दारावर मराठीत लावावा. लाठीमार झाला तर आदेश कुणी, किती वाजता, कोणत्या कारणानं दिला याचा अहवाल महिन्याभरात जाहीर करावा. आणि प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं, ते धाराशिवात आणावं. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायदा करताना ते राज्य आणि विभागाच्या पातळीवर ठेवलं. भूमच्या वस्तीवरच्या बाईला पोलिसांविरुद्धच्या तक्रारीसाठी दुसऱ्या शहराची एसटी धरावी लागत असेल, तर ती तक्रार होणारच नाही.

हे सरकारसाठी झालं. गावासाठी एकच सांगणं आहे. ग्रामसभा वर्षातून चार वेळा तरी होते. येत्या सभेत दोन ओळींचा ठराव करा, की आमच्या गावातल्या कुणालाही लेखी नोटिशीशिवाय ठाण्यात बोलावू नये आणि बिननावाच्या गुन्ह्यांची मुदत ठरवावी. ठराव आपल्या आळीपुरता करू नका. मराठा गल्ली, बौद्धवाडा, मुसलमानांचा मोहल्ला, धनगरवाडा आणि गायरानावरची पारधी वस्ती, सगळ्यांची नावं त्यात घाला. मग त्याची प्रत ठाण्यात द्या, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.